काका, तुमच्या प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार.

"आजारी माणसाला स्वतःचाच डॉक्टर व्हायला सांगताय, हा जिवाशी खेळ आहे," असं तुम्ही माझ्या ओसीडीवरच्या, म्हणजे मंत्रचळावरच्या (नको त्या धास्तीनं तेच ते धुणं, तपासणं न थांबणं), लेखाखाली लिहिलंत. थेरपिस्ट मिळत नसेल, तर थोड्या मदतीवर घरीच थेरपीचा अभ्यास करता येतो, असं मी त्यात म्हटलं होतं. तुमच्या मुलाला गोळ्या आणि दर आठवड्याची थेरपी यांनी उतार पडला, हे वाचून खूप बरं वाटलं. माझी एक चूक झाली. हा मार्ग कुणासाठी नाही, हे सुरुवातीलाच लिहायला हवं होतं. जेवणखाण सुटलंय, मरणाचे विचार येताहेत किंवा निदानच झालेलं नाही, अशांनी आधी मानसोपचारतज्ज्ञ गाठावा. चालू गोळ्या तर आपल्या मनानं कुणीच बंद करू नयेत. आजच लेखात ही भर घातली आहे.

पण मंत्रचळावरची मुख्य थेरपी, ईआरपी, मुळातच घरच्या अभ्यासावर उभी आहे. ज्याची धास्ती वाटते त्याला मुद्दाम हात लावायचा आणि नंतरचं धुणं, तपासणं रोखायचं. ते घरच्या बेसिनपाशीच करावं लागतं.

माझं हात धुणं घरात कित्येक वर्षं 'सोवळं' म्हणून खपून गेलं. तालुक्यात थेरपिस्ट नाही. निदान आणि गोळ्या जिल्ह्याच्या गावी, पुढे समुपदेशक बाईंचा दर गुरुवारी पंधरा मिनिटं फोन. अभ्यास असा: सकाळी दुधाची पिशवी उचलायची, हात न धुता तासभर बसायचं आणि धास्ती शंभरापैकी किती, ते दर दहा मिनिटांनी वहीत लिहायचं. तीन आठवडे नेटानं केलं, पण आकडा ऐंशीच्या खाली येईना. बाईंनी विचारलं, "तेवढा वेळ हात कुठे असतात?" दुसऱ्या दिवशी लक्ष ठेवलं, तर हात ओढणीत! एकेक बोट पुसत होते, दहाच्या दहा. पुसणं म्हणजेही धुणंच. एकटीला हे कधीच उमगलं नसतं. म्हणून मदत थोडी चालेल, पण अजिबात नाही असं नको, एवढंच माझं म्हणणं.

स्वीडनमध्ये 2012 साली 101 रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दहा आठवडे इंटरनेटवरून उपचार, थेरपिस्टचा वेळ माणशी सरासरी दोन तासांच्या आसपास. 60 टक्के रुग्णांना ठळक फरक पडला, तुलनेच्या गटात 6 टक्क्यांना. तुमच्या बाजूचंही सांगते: ब्रिटनमध्ये 473 जणांवरच्या अभ्यासात (2017) थेरपीची वाट पाहणाऱ्यांना अशी स्व-मदत दिली, तेव्हा तीन महिन्यांत म्हणावा तसा फरक दिसला नाही. तज्ज्ञ हाताशी असेल तर त्यांच्याकडेच जावं. ज्यांना तो मिळतच नाही, त्यांच्यासाठी मी लिहिलं. सुरुवात कुठून करायची हेच कळत नसेल, तर सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर आहे.

शेवटी तुमच्याच प्रतिक्रियेतलं एक वाक्य. "हात स्वच्छ आहेत, असं आम्ही त्याला दिवसातून वीसदा सांगतो." काका, माझी आईही सांगायची, मायेपोटीच. पण त्या उत्तरानं मला दहा मिनिटं बरं वाटायचं, आणि अकराव्या मिनिटाला मी पुन्हा विचारायची. हे सांगणं हळूहळू कसं कमी करायचं, ते त्याच्या थेरपिस्टना या आठवड्यात नक्की विचारा.