परभणीकर, 'म्हणजे'च्या अलीकडे थांबला असतात तर

परभणीकर साहेब,

स्लीप ॲप्निया (झोपेत घसा बंद होऊन श्वास अडकण्याचा आजार) आणि त्यावरचं सीपॅप मशीन (मास्कमधून दाबाने हवा देऊन घसा उघडा ठेवणारं) यांवर मी लिहिलं, त्यावर तुमची प्रतिक्रिया आली. तिच्यात एक वाक्य अभ्यासाचं आहे, बाकी टोमणे. 'मशीनवाल्यांकडून किती मिळतात?' हे विचारायला डोकं लागत नाही. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' म्हणणाऱ्या गावाकडून जरा वरच्या दर्जाचा टोमणा आला असता. काहीही मिळत नाही. झालं?

आता ते वाक्य: '2016च्या सेव्ह अभ्यासात सीपॅपने हार्ट अटॅक कमी झाले नाहीत, म्हणजे स्लीप ॲप्निया आणि हृदयाचा संबंध थोतांड आहे.' 'म्हणजे'च्या अलीकडचं बरोबर, पलीकडचं चूक.

सेव्ह ही सीपॅपची मोठी चाचणी. तिच्यातल्या अडीच हजारांवर लोकांना हृदयाचा किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा आजार आधीच होता. ज्यांना दिवसा अनावर पेंग येते, ज्यांचा ऑक्सिजन रात्री फारच खाली जातो, त्यांना घेतलंच नव्हतं. आणि मशीन वापरलं किती? रात्री सरासरी 3.3 तास! स्वप्नांची झोप पहाटेकडे वाढते, तेव्हा घशाचे स्नायू सगळ्यात ढिले पडतात, श्वास जास्त अडकतो. नेमका तेव्हा मास्क उशाशी. पाच दिवसांचा कोर्स दोन दिवसांत सोडायचा आणि गोळीत दम नाही म्हणायचं, त्यातली गत. चार तासांहून जास्त वापरणाऱ्यांत पक्षाघात कमी दिसले, पण ती निवडक तुलना आहे, तिच्यावर मी भिस्त ठेवत नाही. पेंग आणि मनःस्थिती सुधारली, हेही त्याच अभ्यासात आहे. ते तुम्ही गाळलंत.

उपचाराने अटॅक टळतो का, हा एक प्रश्न. आजाराने शरीर बिघडतं का, हा दुसरा. घसा दहा सेकंद किंवा जास्त बंद राहतो, ऑक्सिजन उतरतो, मेंदू दचकून जागा होतो, ॲड्रेनलिन उसळतं, बीपी चढतं. तासाला असे 30 झटके म्हणजे तीव्र आजार. विस्कॉन्सिनच्या पाहणीत (2000) ज्यांचा तासाला झटक्यांचा आकडा 15 किंवा वर होता, त्यांच्यात चार वर्षांनी उच्च रक्तदाबाची शक्यता सुमारे तिप्पट दिसली. सीपॅपने बीपी सरासरी दोन-तीन अंकच उतरतं, हे मात्र खरं. स्लीप स्टडीचे (झोपेच्या तपासणीचे) आलेख वाचणं हा माझा रोजचा धंदा आहे, मला 'गूगल करा' सांगू नका.

लोडशेडिंगबद्दल मी लिहायला हवं होतं, हा तुमचा मुद्दा मान्य. सगळ्यात जास्त वीज मशीनमधला ह्युमिडिफायर (पाणी तापवून हवा दमट करणारा भाग) खातो. इन्व्हर्टरवर असताना तो बंद ठेवा, मशीन बराच जास्त वेळ चालतं.

'मेव्हण्याचं मशीन कपाटात पडलंय' हा पुरावा होत नाही. त्यांनी ह्युमिडिफायरमध्ये बोअरचं पाणी घातलं असेल तर तळाशी पांढरा थर बसलाच असणार. डिस्टिल्ड पाणी घाला, रोज सकाळी उरलेलं ओतून द्या. हवा गळते म्हणून पट्टा आवळला असेल तर मास्कची गादी चेपते, गळती वाढते, नाकाच्या दांडीवर जखम होते. मशीन चालू करून, आडवं झाल्यावर पट्टा बसवायचा. भरघोस मिशी असेल तर नाकावरच्या मास्कची कड टेकत नाही. नाकपुडीत बसणाऱ्या उशांचा मास्क बघा.

'घोरणं म्हणजे गाढ झोप', दातांचा साचा, मशीनची किंमत या तुमच्या बाकी मुद्द्यांवर आत्ता वेळ घालवत नाही.

पुन्हा लिहाल तर मेव्हण्यांच्या मशीनमधले वापराचे तास आणि गळतीचा आकडा लिहा. नुसत्या 'बेकार आहे'ला उत्तर मिळणार नाही.