जिंजीला जाताय ना? मग विळुप्पुरम जिल्हा बघून या

जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. अकरा महाराष्ट्रातले आणि बारावा तमिळनाडूच्या विळुप्पुरम जिल्ह्यातला जिंजी. तेव्हापासून माझ्या ओळखीतला जो तो पाँडिचेरीच्या सहलीत जिंजी बसवतोय. चांगलंच आहे. पण बेत ठरलेला: सकाळी पाँडिचेरीहून गाडी, किल्ल्याच्या राजगिरी टेकडीवर चढाई, भगवा धरून फोटो आणि दुपारी थेट तिरुवण्णामलै. हे मला मनापासून खटकतं.

जिंजीत आपलं काय आहे, हे मी वेगळं सांगायला नको. १६७७ मध्ये शिवाजी महाराजांनी विजापूरकरांकडून हा किल्ला घेतला. संभाजी महाराजांच्या हत्येनंतर रायगडही गेला, तेव्हा राजाराम महाराज इथे येऊन राहिले आणि सगळ्या स्वराज्याचा कारभार या तीन टेकड्यांमधून चालला. मुघल सरदार झुल्फिकारखानाचा वेढा १६९० पासून १६९८ पर्यंत रेंगाळला. आणि ज्या सभासद बखरीवरून आपण महाराजांचं चरित्र सांगतो, ती राजारामांच्या सांगण्यावरून इथेच लिहिली गेली. राजगिरीच्या माथ्याजवळची खोल घळ आणि तिच्यावरचा छोटा पूल ओलांडताना हे सगळं आठवतं आणि ऊर भरून येतो. माझाही आला.

पण त्या तटाच्या आत फक्त आपणच नव्हतो. कल्याण महाल आणि व्यंकटरमणाचं देऊळ नायक राजांच्या काळातलं. पाँडिचेरीच्या समुद्रकिनारी गांधी पुतळ्याभोवती जे नक्षीदार खांब दिसतात, ते फ्रेंचांनी जिंजीतून उचलून नेलेले. आणि गावातल्या माणसाला किल्ल्याबद्दल विचारलंत तर तो बहुधा पहिलं नाव घेईल देसिंगू राजाचं. देसिंगू म्हणजे तेजसिंह, हा बुंदेला राजपूत, औरंगजेबाने नेमलेल्या किल्लेदाराचा मुलगा. १७१४ मध्ये अर्काटच्या नवाबाशी लढताना ऐन तारुण्यात पडला. त्याचा पोवाडा तमिळमध्ये अजून गातात. आपल्यातले काही जण हे ऐकून नाराज होतात, ‘यांना आपला इतिहासच माहीत नाही’ म्हणतात. मला वाटतं, आधी त्यांचा ऐकावा, मग आपला सांगावा. पोवाड्याची किंमत आपल्याइतकी दुसऱ्या कुणाला कळणार?

आणि किल्ल्याबाहेरचा जिल्हा? जिंजी आणि विळुप्पुरम शहर यांच्या मधल्या भागात मंडगपट्टू नावाचं खेडं आहे. खडकात कोरलेलं एक लहानसं लेणं. दोन खांब, वर-खाली चौकोनी आणि मध्ये अष्टकोनी. दोन्ही बाजूंना द्वारपाल. आत तीन गाभारे, आज तिन्ही रिकामे. खांबाजवळच्या शिलालेखात पल्लव राजा महेंद्रवर्मा सांगतो की ब्रह्मा, ईश्वर आणि विष्णू यांचं हे मंदिर विचित्रचित्ताने वीट, लाकूड, धातू आणि चुना न वापरता घडवलं. विचित्रचित्त म्हणजे तो स्वतःच! सातव्या शतकाच्या सुरुवातीची ही गोष्ट. भाजे-कार्ल्याची लेणी याच्या कितीतरी शतकं आधीची, त्यामुळे आपल्याला यात नवल वाटत नाही. पण इथला दगड ग्रॅनाइट आहे. त्यावर छिन्नी चालवणं म्हणजे काय, हे त्या खांबाच्या कडेवरून बोट फिरवल्याशिवाय कळत नाही (शिलालेखाला मात्र हात लावू नका). तमिळ मुलखातल्या दगडी देवळांची गोष्ट अशा लहानशा लेण्यांपासून सुरू होते. नंतरची महाबलीपुरमची गर्दी सगळे बघतात, इथे कुणी फिरकत नाही.

पनमलैला टेकडीवर राजसिंह पल्लवाने बांधलेलं तालगिरीश्वराचं देऊळ आहे. तिथल्या एका छोट्या देवळीत पार्वतीचं भित्तिचित्र उरलंय. रंग बराचसा झडलाय, तरी मुकुट, झुकलेली मान आणि वरची छत्री स्पष्ट दिसते. अजिंठा पाहिलेल्या माणसाने तर ते बघायलाच हवं. जिंजीजवळच तिरुनादर कुंड्रूच्या टेकडीवर एकाच खडकावर चोवीस तीर्थंकर कोरलेत, आणि मेल सित्तामूरला तमिळ जैनांचा मठ आहे. तमिळ बोलणारे, पिढ्यान्‌पिढ्या शेती करणारे जैन आपल्यापैकी कितींना ठाऊक आहेत? मेलमलयनूरची अंगाळम्मा देवी अमावास्येच्या रात्री बघावी, पण गर्दीची तयारी ठेवून.

म्हणून सांगते, जिंजीत किंवा तिंडिवनमला निदान दोन मुक्काम टाका. डिसेंबर-जानेवारीत जा, एरवी तो ग्रॅनाइट असा तापतो की दुपारी पाय टेकवत नाही. राजगिरी सकाळी लवकर गाठा, उशीर झाला तर वर सोडत नाहीत. पाणी भरपूर घ्या आणि खाऊच्या पिशव्या माकडांपासून सांभाळा. बसवर जिंजीचं तमिळ नाव ‘सेंजी’ लिहिलेलं असतं, तेही तमिळ लिपीत, तेव्हा कंडक्टरला विचारूनच चढा. मंडगपट्टू आणि पनमलैसाठी मात्र दिवसभराची गाडी ठरवा, आणि चालकाला आधीच बजावून ठेवा की घाई करायची नाही.