‘हात धड असताना यंत्र कशाला?’

सध्या एक मजकूर खूप फिरतोय. मलाच तो तिघांनी पाठवला. कपाच्या काठावर अडकवायचं, कप भरला की ‘बीप’ वाजणारं यंत्र, मोजे चढवायचा साचा, बरणीचं झाकण उघडायचं साधन, अशा वस्तूंचे फोटो आणि खाली दावा : हे आळशांचे चोचले आहेत, जे हातानं होतं त्याला यंत्र लागत नाही, असली खुळं बाजारात टिकत नाहीत आणि शेवटी ड्रॉवरमध्ये धूळ खातात.

आधी त्या बीपवाल्या यंत्राचं बोलते, कारण त्याची थट्टा मला सगळ्यांत जास्त लागली. ते मुख्यतः दृष्टिहीनांसाठी आहे. धातूच्या दोन-तीन काड्या कपाच्या आत लोंबतात, ओतलेलं पाणी त्यांना टेकलं की सर्किट जुळतं आणि आवाज होतो. ते नसेल तर काठाशी बोट धरून अंदाज घ्यायचा, आणि पाणी उकळतं असेल तर बोट भाजून घ्यायचं. याला आळस म्हणणाऱ्यांनी डोळे मिटून एकदा कप भरून बघावा. गार पाण्यानंच बघा.

‘हातानं होतंच की.’ कुणाच्या हातानं? माझ्या आईला संधिवात आहे. नव्या बरणीत आतला दाब कमी असतो, बाहेरची हवा झाकण दाबून धरते, ते फिरवायला मूठ घट्ट आवळावी लागते आणि सुजलेल्या सांध्यांना नेमकं तेच जमत नाही. झाकणाची कड किंचित उचलणारं साधन लावलं की ‘टक्’ होतं, हवा आत शिरते आणि झाकण सैल पडतं. ऑक्सो ही स्वयंपाकघरातल्या साधनांची कंपनी काढणारे सॅम फार्बर, त्यांच्या पत्नीलाही संधिवाताचा त्रास होता, तिला सोलाणं धरवेना. त्यातून 1990 मध्ये ऑक्सो कंपनीची जाड, मऊ मुठीची सोलाणी आली. पातळ दांडी धरायला बोटं पूर्ण मिटावी लागतात, जाड मुठीला तेवढी लागत नाहीत. धडधाकट माणसांनीही ती आवडीनं घेतली.

शिवाय हातानं तर डबाबंद अन्नाचे डबेही उघडत होतेच, छिन्नी-हातोडी घेऊन! टिनच्या डब्याचं पेटंट 1810 चं, आणि तो उघडायची खास साधनं आली 1850 च्या दशकात.

बाजारात टिकत नाहीत, हेही खरं नाही. वाकणारी स्ट्रॉ घ्या. आपल्या छोट्या मुलीचं तोंड सरळ स्ट्रॉपर्यंत पोचत नाही हे बघून जोसेफ फ्रीडमन यांनी कागदी स्ट्रॉमध्ये स्क्रू घातला, वरून दात साफ करायचा दोरा आवळून वळ्या पाडल्या आणि 1937 मध्ये पेटंट मिळवलं. पहिलं गिऱ्हाईक मिळालं ते रुग्णालय, कारण पडल्यापडल्या पिणाऱ्या रुग्णाला तिचा उपयोग होता. आज ती कुणाला विचित्र वाटते?

आळसाबद्दल एक मात्र कबूल करते. झेनिथ या अमेरिकी टीव्ही कंपनीनं 1950 मध्ये टीव्हीचा वायरवाला रिमोट आणला, त्याचं नावच ‘लेझी बोन्स’, म्हणजे आळशी. नाव काहीही असो, अंथरुणाला खिळलेल्या माणसाला चॅनल बदलायला कुणाला हाक मारावी लागत नाही, ही मला फार मोठी गोष्ट वाटते.

राहिला ड्रॉवर. हौसेनं घेतलेल्या कितीतरी वस्तू तिथे पडून राहतात, यावर माझं भांडण नाही. पण त्या फोटोतला मोज्यांचा साचा बघा. खुब्याचा सांधा बदलल्यावर अनेक रुग्णांना काही आठवडे फार वाकू नका असं सांगतात. साच्यावर मोजा चढवायचा, दोऱ्या हातात धरून साचा खाली सोडायचा, पाऊल आत सरकवायचं आणि दोऱ्या ओढायच्या, मोजा न वाकता पायात. पुढे माणूस बरा होतो, पुन्हा वाकायला लागतो आणि तो साचा ड्रॉवरमध्ये जातो. तो तिथे पडून आहे, कारण आता त्याची गरज उरलेली नाही.