डाग पलीकडच्या बाजूला आहे

दिवाळीच्या आधी आमच्याकडे कामं वाटली जातात आणि काचा दरवर्षी माझ्या गळ्यात पडतात. मी उंच आहे हे अधिकृत कारण. खरं कारण असं की बाकी कामांना शेवट असतो, माळा आवरला की आवरला, डबे घासले की घासले, काचेचं तसं नसतं. मळकी काच वर्षभर कोणाच्या डोळ्यात येत नाही हो! सिंहस्थाच्या तयारीत जिकडेतिकडे खोदकाम, त्यामुळे आमच्या इंदिरानगरात सगळ्यांच्याच खिडक्यांवर एकसारखा थर आहे, त्यातून पांडवलेणीचा डोंगर ऑक्टोबरातही डिसेंबरातला दिसतो आणि पाहुणे म्हणतात वा काय व्ह्यू आहे. तीच काच पुसा, तोच पाहुणा जवळ येऊन बोट ठेवतो, "इथे ओघळ राहिलाय बघ."

आता आमच्या आईचा नियम असा की आरओचं वेस्ट पाणी वाया घालवायचं नाही, ते बादलीत साठवायचं आणि त्यानेच फरशी, गाडी, काचा. फरशीचं ठीक आहे. पण आरओ करतो काय तर पाण्यातले क्षार बाजूला काढतो आणि नेमके त्या वेस्टच्या नळीतून सोडतो, म्हणजे आधीच बोअरचं जड पाणी, त्यातला कॅल्शियम आणखी गोळा करून मी तो प्रेमाने काचेवर लावतोय. पाणी उडून जातं, क्षार तिथेच बसतात, पांढरे ठिपके. हे मी आईला नीट समजावून सांगितलं आणि म्हणलं काचेला खरं तर प्यायचं फिल्टरचं पाणी पाहिजे. त्यावर तिने ज्या नजरेने बघितलं त्यानंतर मी बादली उचलून गुपचूप गॅलरीत गेलो.

बरं, क्षार घालवायला व्हिनेगर लागतं. द्राक्षांचं गाव, वाईनची राजधानी म्हणून मिरवतो आपण, आणि मी किराणावाल्याकडून चायनीजवालं व्हाईट व्हिनेगर आणतोय. काम करतं पण, आंबटपणाने क्षार विरघळतात. फक्त घरभर मंचुरियनचा वास सुटतो आणि पोरं सारखी विचारतात जेवायला काय आहे.

शाम्पू घालू नका. घातलाच तर थेंबभर, जास्त झाला की फेस दिसतो छान पण त्याचा पातळ थर काचेवर राहतो आणि मग फडकं फिरवाल तसे पट्टे. उन्हातही पुसू नका, तापलेल्या काचेवर पाणी पुसायच्या आधीच वाळतं. आमची खिडकी पश्चिमेची आणि मला काम सांगतात दुपारी चारला, जाऊदे.

पुसायला पेपर. पाणी शोषतो, लव सोडत नाही. पण रद्दीतलं पान घ्यावं तर आई म्हणते थांब, त्यातलं निधनवार्तेचं मी वाचलं नाहीये. मग ती वाचते, कोण गेलं ते सांगते, कुणाचे कोण ते समजावते, तोवर काच आपोआप वाळलेली असते. ठिपक्यांसकट.

शेवटी एका मित्राने युक्ती सांगितली, आतून आडवं पुसायचं, बाहेरून उभं, म्हणजे पट्टा कुठल्या बाजूचा ते लगेच कळतं. केलं तसं. आडवेही राहिले, उभेही राहिले, गणिताच्या वहीचं पान तयार झालं. शिवाय स्लायडिंगची एक काच दुसरीमागे सरकते तिथे मधे जी फट असते, तिथला डाग ना आतला ना बाहेरचा, तो बिल्डरचा.

दिवाळीत मावशी आली. ऊन डोळ्यावर येतंय म्हणून बायकोने पटकन पडदे ओढले. मावशीला पडदे फारच आवडले, मीटर कसा पडला म्हणाली.