जोर कुठे द्यायचा ते एकदाच लिहून टाका ना!

"इटालियन काय, सोप्पी! जशी लिहितात तशीच वाचायची." हे पुन्हा कोणी माझ्यासमोर म्हटलं ना तर त्याला 'तेलेफोनानो' (म्हणजे 'ते फोन करतात') वाचायला लावणारे मी. काल ऑनलाइन क्लासमध्ये माझी पाळी आली, शेवटून दुसऱ्या सिलॅबलवर जोर हा यांचाच लाडका नियम म्हणून 'ना'वर दिला, तर बाईंनी मान हलवली, मग 'फो'वर दिला, परत मान, आणि मग हसत हसत म्हणे ते-लेऽऽ-फो-ना-नो! शेवटून चौथा! बरं, 'आम्ही फोन करतो' म्हणायचं तर तेलेफोनियामो, तिथे जोर उडी मारून थेट 'निया'वर. का? असंच. क्रियापद आहे की बेडूक?

आणि संताप याचा की आघाताचं चिन्ह यांच्याकडे आहे! कीबोर्डवर आहे! पण वापरणार फक्त जोर शेवटच्या अक्षरावर असला तर. पार्लो म्हणजे 'मी बोलतो' आणि पार्लोऽ म्हणजे 'तो बोलला', तिथे टोपी घालतील. मधल्या अक्षरांनी काय घोडं मारलंय? कापितो घ्या, 'का'वर जोर दिला तर मी अचानक टपकतो, 'पि'वर दिला तर समजलं, 'तो'वर दिला तर घडलं, आणि चिन्ह मिळणार फक्त तिसऱ्याला. वर बाई दर दोन मिनिटांनी विचारणार, "कापितो?" नाही हो बाई, नाही कापितो!

'वेदेरे'त (पाहणे) जोर 'दे'वर, 'प्रेन्देरे'त (घेणे) 'प्रेन'वर, शेपूट दोघांचं तेच. सिलॅबल तोडायचं तर त्याहून भारी: आस्पेत्तानोमधले दोन त वेगळे करा पण 'स्प'ला हात लावायचा नाही, आ-स्पेत्-ता-नो. आपण जन्मभर पास्-ता खाल्ला, यांचा पा-स्ता.

आता मी टेबलावर टाळ्या वाजवत क्रियापदं म्हणते, सासूबाईंना वाटलं भजनी मंडळात नाव घातलंय, खूश झाल्या बिचाऱ्या. मीही काही बोलले नाही, निदान घरात कोणीतरी खूश आहे.

आणि गंमत बघा, 'एवापोरानो'त जोर 'वा'वर की 'पो'वर यावर खुद्द इटालियन लोकांचं एकमत नाही, डिक्शनरीत दोन्ही चालतात. मग माझं 'फो' का नाही चालत? उद्या देसिदेरानो आणि दिमेन्तिकानो आहे. नेट गेलंय म्हणून सांगणारे.