उंदराने नेलेली वात आणि सातवीचा वर्ग

शिक्षकांमध्ये सध्या एक मजकूर फिरतोय: 'वर्गात अस्सल ऐतिहासिक पत्रं वाचणं ही नुसती हौस. ती मोडी लिपीत असतात, भाषा कळत नाही, मुलं गोंधळतात आणि वेळही नसतो. पाठ्यपुस्तक पुरे.'

मोडीची सबब तर सव्वाशे वर्षांपूर्वीच संपली. इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड १८९८ साली छापला, तोच मुळी बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत.

भाषेचं म्हणाल, तर राज्याभिषेकाच्या थोडं आधी शिवाजी महाराजांनी चिपळूणच्या छावणीला लिहिलेलं पत्र घ्या. त्यात महाराज सांगतात: पावसाळ्यासाठी साठवलेला दाणागोटा आत्ताच उधळलात तर पुढे घोडी उपाशी मरतील. मग तुम्ही कुणब्यांच्या घरात शिराल आणि त्यांना वाटेल, यापेक्षा मोगल बरे. रात्री दिवे जळत ठेवू नका, उंदीर पेटती वात पळवेल आणि गवताच्या गंजी जळून जातील. उंदीर न कळणारं मूल मला दाखवा! चार फारसी शब्द फळ्यावर लिहून दिले की काम भागतं. आणि १८५५ साली 'ज्ञानोदय' नियतकालिकात आलेला मुक्ता साळवेचा निबंध तर फुल्यांच्या शाळेतल्या विद्यार्थिनीनेच लिहिलेला.

गोंधळ मात्र होतो, हे कबूल. १६६४ च्या सुरतेच्या लुटीबद्दल इंग्रज वखारवाले लिहितात ते कंपनीच्या मालकांना, आपण वखार कशी राखली हे कळावं म्हणून. बखरकार कृष्णाजी अनंत सभासद लिहितो जिंजीला, महाराज गेल्यावर दीड दशकाने, राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून. दोघांचं जुळत नाही म्हणून मुलं विचारतात, 'मग खरं काय?' हा प्रश्न यावा म्हणून तर आपण धडपडतो ना?

'पाठ्यपुस्तक पुरे' हे मला सर्वांत कमी पटतं. 'रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नका' हे वाक्य भाषणांत सर्रास सैनिकांना सांगितलेलं म्हणून येतं. मूळ ताकीद आहे १६७६ च्या पत्रातली, कोकणातल्या प्रभावळीच्या सुभेदाराला दिलेली, म्हणजे वसुली करणाऱ्या अधिकाऱ्याला. त्याच पत्रात गरीब कुणब्याला बैल आणि दाणे द्या, दिलेलं बिनव्याजी, त्याला झेपेल तसं परत घ्या, असंही आहे. मूळ कागद बाजूला पडला की सुभेदाराचा शिपाई होतो आणि बैल तर गायबच.

राहिला वेळ. रोज कोण वाचा म्हणतंय? सत्रात एक पत्र, एक तास. देठाची ताकीद सैन्याला नाही, सुभेदाराला का, एवढ्या एकाच प्रश्नावर तो तास निघतो.