मासा पलीकडेच असतो

किनाऱ्यावरून गळ टाकणारा माणूस जमेल तेवढा लांब फेकायला बघतो, आणि होडीत बसलेला माणूस जमेल तेवढा किनाऱ्याकडे. मासे समोरच्याकडे आहेत अशी दोघांचीही खात्री असते. मी दोन्हीकडून फेकून बघितलं आहे. दोन्ही वेळा ते समोरच्याकडेच होते.

खाऱ्या पाण्यातल्या गळाच्या मासेमारीला जागांची काही टंचाई नाही. वाळूचा किनारा आहे, खडक आहेत, धक्का आहे, खाडी आहे, पैसे आणि पोट दोन्ही मजबूत असेल तर होडीही आहे. पण जागा निवडण्याआधी भरती-ओहोटी बघावी लागते, आणि ती नोकरदार माणसाच्या विरोधात रचलेली आहे. बहुतेक किनाऱ्यांवर एका भरतीपासून दुसरीपर्यंत सुमारे १२ तास २५ मिनिटं जातात. म्हणजे भरती रोज पन्नासेक मिनिटं उशिरा येते. या रविवारी पहाटे सहाला पाणी काठोकाठ असेल, तर पुढच्या रविवारी त्याच वेळी, त्याच जागी, चिखलात उभं राहायचं. त्यात मासा तोंड लावतो तो पाणी चालतं असताना. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी धावतं, अष्टमीच्या सुमाराला भांग, म्हणजे लहान भरती-ओहोटी, असतो तेव्हा ते नुसतं डुलतं. माझी रजा मंजूर होते ती भांगाची.

वाळूच्या किनाऱ्यावर मासा कुठे असतो हे खरं तर दिसतं. लाट फुटते तिथे वाळूचा उंचवटा असतो, आणि त्याच्या अलीकडे जो गडद, शांत पट्टा दिसतो तो खोलगट. मासे त्यात चरतात, कित्येकदा अगदी काठाजवळ. पण हातात बारा फुटी रॉड आणि पाठीमागे चार बघे असताना वीस पावलांवर गळ सोडायला मन धजत नाही. मग कंबरेतून वळून जोरात भिरकावायचा. दोरी सुटते त्याहून रीळ जास्त वेगात फिरतं आणि सगळ्याचा गुंता होतो. तो सोडवेपर्यंत ओहोटी लागते. बघे मात्र जात नाहीत.

खडकांवर बघे नसतात, कारण तिथे बसायला धड जागा नसते. तिथला मासा मोठा, असं म्हणतात. तिथली फट मोठी, हे मी सांगू शकतो. शिशाचं वजन गेलं की गेलं. जाणकार लोक वजन मुद्दाम कच्च्या दोरीने बांधतात, म्हणजे अडकलं तर तेवढंच तुटतं आणि गळ परत येतो. खडक जिथवर ओला दिसतो तिथवर लाट येऊन गेलेली असते, आणि समुद्राकडे पाठ करून उभं राहू नये. ही दोन वाक्यं विनोदी नाहीत, तशीच वाचावीत.

आता धक्का. मासा मिळण्याची शक्यता इथे उत्तम. खांबांना कालवं आणि शेवाळ धरलेलं असतं, त्यावर बारके मासे येतात, बारक्यांवर मोठे. रात्री दिव्याच्या उजेडात हाच बाजार आणखी भरतो. पण त्या सगळ्या माशांहून दाट असतात ते सल्लागार.

“काय लावलंय?”

“कोळंबी.”

“छ्या! माकूल लावा.”

माकूल, म्हणजे स्क्विड, लावली की पलीकडचा उठून येतो. “माकूल कुणी सांगितली?”

एवढ्यात समोर बोय मासे उड्या मारायला लागतात. बोय मुख्यतः शेवाळ आणि गाळातलं बारीकसारीक खाते, तिला कोळंबी-माकुलीचं काही पडलेलं नसतं. ती फक्त दाखवायला येते. गळाला ओढ लागते ती खेकड्याची, आणि तो आमिष साफ करून निघूनही जातो. शेवटी लागतो शिंगाळा. त्याच्या पाठीवर एक आणि दोन्ही बाजूंच्या परांवर एकेक काटा, तिन्ही विषारी. गळ कसा काढायचा हे सांगायला आख्खा धक्का गोळा होतो आणि सहा फुटांवर थांबतो.

होडीत सल्लागार एकच असतो, पण त्याच्यापासून लांब जाता येत नाही. होडी लागते, म्हणजे मळमळतं, त्याचं कारण साधं आहे: कान सांगतो आपण हलतोय, आणि डोळे होडीतच खिळलेले असले तर ते सांगतात, नाही. उपाय म्हणजे क्षितिजाकडे बघत राहणं. क्षितिजाकडे बघत गळाची गाठ मारणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. मी खाली बघून गाठ मारतो, मग काठावरून आणखी खाली बघतो. “कालपर्यंत इथेच होते, साहेब,” असं होडीवाला म्हणतो. माझ्याबद्दल की माशांबद्दल, हे विचारायची तेव्हा ताकद नसते.

माझं मत खाडीच्या तोंडाला. भरतीबरोबर आत शिरलेली कोळंबी आणि चिल्लीपिल्ली ओहोटीला बाहेर ओढली जातात, आणि मोठे मासे दारातच टपून बसलेले असतात. फेकायला लांब लागत नाही, पोटात ढवळत नाही. चिखलात चपला राहतात, त्या राहू द्याव्यात. ओहोटी लागल्यावर तासाभराने जा आणि कुठेही उभे राहा. फक्त डावीकडच्या सपाट दगडावर नको; तिथे मी असतो.